वाचलेल्या गोष्टींचं देणं

या पुस्तकातल्या गोष्टी आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. प्रस्तावना मात्र मोठ्यांसाठी आहे. मुलांनी ही पानं ओलांडून सरळ पहिल्या गोष्टीत शिरावं. मला बोलायचं आहे ते आई-वडिलांशी, शिक्षकांशी, ग्रंथपालांशी आणि गावातल्या अशा प्रत्येकाशी, जो एखाद्या लेकराच्या हातात पुस्तक ठेवू शकतो.

मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्ही याकडे वळलात कसे? बहुतेकांचं उत्तर एकच असतं, लहानपणी खूप वाचलं. हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. खूप वाचणारी मुलं पुष्कळ असतात. त्यांतली कुणी डॉक्टर होतात, कुणी वावर सांभाळतात, कुणी बँकेत लागतात. मुलांसाठी लिहायला बसणारं त्यांच्यात एखादंच निघतं. मग वाचनाला लेखनाचा कोंब नेमका फुटतो कुठे?

माझ्या समजुतीप्रमाणे त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे लहान वयात मिळालेलं भरपूर, मनसोक्त वाचन. दुसरी, त्या वाचनात राहून गेलेली एक रिकामी जागा. वाचनाने गोष्टीची चटक लागते. रिकामी जागा स्वस्थ बसू देत नाही. या दोहोंपैकी एकच असेल तर माणूस उत्तम वाचक होतो किंवा नुसता तक्रारखोर. दोन्ही असतील तर तो लिहू लागतो. ही प्रस्तावना त्या दोन गोष्टींबद्दल आहे, आणि त्या दोन्ही मला ज्या गावाने दिल्या त्या पातूरबद्दल.

पातूर अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अकोल्याहून वाशीमकडे निघालं की तीस-पस्तीस किलोमीटरवर सपाटी संपते, समोर डोंगर उभे राहतात, आणि घाट चढायच्या आधी पातूर लागतं. डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामातेचं मंदिर आहे, गावात सिदाजी महाराजांचं देऊळ आहे, शाहबाबूंचा दर्गा आहे. पुढे सागाचं रान. भोवती पऱ्हाटीची, तुरीची, सोयाबीनची वावरं. एका लहान मुलाला गोष्टीसाठी आणखी काय लागतं? लेणी आहेत म्हणजे भुयार आहे, भुयार आहे म्हणजे पलीकडे कुठेतरी ते निघत असणारच. घाट आहे म्हणजे वाटमारे आहेत. रान आहे म्हणजे वाघ आहे, निदान कुणाच्या तरी आबाजीने तो पाहिलेला आहे.

अशा गावात पुस्तकाच्या आधी गोष्ट कानावर पडते. वऱ्हाडात भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. त्या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, रुसणं आहे, प्रश्नाला प्रश्न जोडत जाणारी साखळी आहे. खाऊ ओळखायचा खेळ आहे. ती गाणी ज्या मुलीने ऐकली तिला लय, पुनरुक्ती आणि उत्सुकता ताणून धरणं शाळेत वेगळं शिकवावं लागत नाही. कीर्तनाचंही तसंच. गाडगे महाराज याच मुलखातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या कीर्तनाची ताकद प्रश्न विचारण्यात होती. समोर बसलेल्या माणसांकडून ते उत्तर काढून घेत आणि मग गोष्ट पुढे नेत. मुलांसाठी लिहिणाऱ्याने यापेक्षा चांगला धडा दुसरीकडे शोधू नये.

आणखी मागे गेलो तर ही माती गोष्टीची किती जुनी आहे ते कळतं. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ उभा राहिला. स्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट त्यात आहे. कठीण तत्त्व सांगायचं तर चार ओळींची, डोळ्यांसमोर उभी राहणारी गोष्ट सांगावी, ही रीत आपल्याकडे सातशे वर्षांहून जुनी आहे. वऱ्हाडच्या मुलाला गोष्ट बाहेरून आणून द्यावी लागत नाही. बाहेरून आणावं लागलं ते पुस्तक.

ते आणणाऱ्यांचं ऋण मोठं आहे. स्वतः अक्षरओळख नसलेले गाडगे महाराज गावोगाव सांगत फिरले की पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शिकवा. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि पुढे वऱ्हाडभर तिच्या शाळा पसरल्या. शेतकऱ्याघरचं पहिलं शिकलेलं पोरगं याच काळात तयार झालं. ज्या घरात पंचांग आणि पोथीखेरीज छापील कागद नव्हता, त्या घरात क्रमिक पुस्तक आलं. पुष्कळ घरांत तेच पहिलं गोष्टीचं पुस्तक. जूनमध्ये नवीन पुस्तकं मिळाली की शाळा सुरू व्हायच्या आत मराठीचं पुस्तक वाचून संपवणारी मुलं त्या घरांतून निघाली. गुरुजींनी धडा शिकवायला घेतला तेव्हा त्यांना तो पाठ असायचा.

मग मासिकं आली. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केलेलं ‘चांदामामा’ १९५२ पासून ‘चांदोबा’ या नावाने मराठीत निघू लागलं. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम राजा आणि त्याला पेचात टाकणारा वेताळ यांचं शंकर या चित्रकाराने काढलेलं चित्र तीन पिढ्यांच्या मनावर उमटलेलं आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. १९७१ च्या बालदिनी बालभारतीने ‘किशोर’चा पहिला अंक काढला. मराठीतले मोठे लेखक आणि चित्रकार मुलांसाठी खेड्यापर्यंत पोचले ते ‘किशोर’मुळे, कारण त्याची किंमत परवडणारी होती आणि अंक शाळेत यायचा. सोव्हिएत रशियात मराठीतून छापलेली, जाड कागदाची रंगीत पुस्तकं नाममात्र किमतीत मिळायची. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं असायची. हे सगळं पातूरला अकोल्यामार्गे पोचायचं, उशिरा पोचायचं, आणि एक अंक इतक्या हातांतून फिरायचा की शेवटच्या मुलाला मुखपृष्ठ बघायला मिळत नसे.

त्या वयाचं वाचन कसं असतं हे मोठी माणसं विसरतात, म्हणून थोडं सांगतो. मूल लेखकाचं नाव वाचत नाही. बोध वाचत नाही, तो आला की डोळे त्याच्यावरून घसरतात. आवडलेली गोष्ट ते लागोपाठ कितीदाही वाचतं आणि शेवट माहीत असूनही शेवटाशी श्वास रोखतं. अवघड शब्द अडला तर थांबत नाही, संदर्भाने त्याला स्वतःचा अर्थ देऊन पुढे जातं. चित्राकडे ते मजकुराइतकाच वेळ बघतं आणि चित्रात चूक असेल तर पकडतं. जेवताना, ढोरं राखताना, अंगणातल्या बाजेवर, दुकानाच्या ओट्यावर, कुठेही वाचतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाचताना ते गोष्टीतली जागा स्वतःच्या जागेने भरून काढतं.

मी ‘चांदोबा’ वाचायचो तेव्हा विक्रम राजाचं स्मशान आमच्या नदीकाठचं असायचं. अलिबाबाची गुहा म्हणजे पातूरची लेणी. चाळीस चोर घाटातून उतरायचे. समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून सिंदबादचं जहाज पावसाळ्यात भरलेल्या धरणात चालायचं. हे सगळीच मुलं करतात. लेखकाने लिहिलेलं गाव पुसून तिथे आपलं गाव बसवतात. माझ्या मते माणसाचं पहिलं लेखन हेच. त्यात अजून अक्षर नसतं, पण रचना असते. दुसऱ्याची गोष्ट आपल्या जागेवर आणून उभी करायची तर बरंच बदलावं लागतं. माणसांची नावं, रस्ता, झाडं, वेळ, सगळं. ही खटपट मूल मनातल्या मनात, वाचता वाचता करत असतं.

पण असं जागा बदलत राहावं लागलं, कारण आमची जागा छापील पानावर नव्हतीच. पुस्तकात कोकणातला समुद्र होता, पुण्यातले वाडे होते, मुंबईची चाळ होती, सह्याद्रीतले किल्ले होते. परदेशातला बर्फ होता. ते सगळं मला हवंच होतं आणि त्यातलं काही मी कमी करायला सांगणार नाही. मात्र पऱ्हाटी नव्हती. बोंडं वेचायला गेलेली आई नव्हती. सरकीच्या ढिगावर उड्या मारणारी पोट्टी नव्हती, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना बेगड लावणारा मुलगा नव्हता, मे महिन्यातला वऱ्हाडचा उन्हाळा नव्हता. मुलाला याचं वाईट वाटत नाही, कारण काहीतरी नाही हे त्याच्या लक्षातच येत नाही. त्याला फक्त वाटतं की गोष्टी दुसरीकडे घडतात. आपल्या गावात घडत नाहीत. ही समजूत मोठेपणी बोचू लागते, आणि तीच ती रिकामी जागा.

ही केवळ एका गावाची किंवा एका माणसाची कहाणी नाही. मराठी बालसाहित्याचा सगळा प्रवास असाच झाला आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ मराठीत आणलं. मूळ पुस्तक फ्रेंच, मराठीत ते इंग्रजीवरून आलं. इसापच्या कथाही त्यांनीच मराठीत आणल्या. पुढे मिशनऱ्यांचं ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये निघालं. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केलं, वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’. आधी दुसऱ्यांच्या गोष्टी आल्या. त्या वाचून एक पिढी वाढली. मग त्या पिढीला आपल्या मुलांच्या, आपल्या घरातल्या गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, आणि ना. धों. ताम्हनकरांचे गोट्या आणि चिंगी जन्माला आले. भाषेचं झालं तेच प्रत्येक लेखकाचं होतं.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण भा. रा. भागवत. १९१० मध्ये इंदूरला जन्मलेला हा माणूस साहसकथांचा अट्टल वाचक होता. ज्यूल व्हर्नवर त्यांचा विशेष जीव. वाचलेलं एकट्याजवळ ठेवणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी व्हर्न मराठी मुलांसाठी मराठीत आणला. ‘चंद्रावर स्वारी’सारखी पुस्तकं त्यातून झाली. ‘बालमित्र’ नावाचं मासिक चालवलं. आणि या सगळ्या वाचनातून, अनुवादातून एक दिवस फुरसुंगीचा एक किडकिडीत, सायकलवेडा मुलगा बाहेर पडला. बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे. व्हर्नचे नायक जगभर फिरतात. भागवतांनी तोच वेग आणि तेच कुतूहल घेतलं, आणि ते पुण्याजवळच्या एका गावच्या मुलाला दिलं. त्यांचाच दुसरा मुलगा बिपिन बुकलवार तर पुस्तकांनी झपाटलेला. वाचनवेड्या मुलालाच गोष्टीचा नायक करणं हे वाचनाचं ऋण फेडण्याचं केवढं सुंदर उदाहरण आहे! भागवतांच्या गोष्टी वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याच्या आत एक दहा वर्षांचा वाचक जागा आहे, आणि पान कंटाळवाणं झालं की तोच आधी तक्रार करतो.

बंगालमध्ये सत्यजित राय यांचं असंच झालं. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं, पुढे वडील सुकुमार यांनी ते सांभाळलं. ज्या घरात मुलांच्या पुस्तकांची छपाई चालायची त्या घरात जन्मलेल्या सत्यजितना वडील फार लवकर गेल्यामुळे त्यांची ओळख झाली ती मुख्यतः त्यांच्या लेखनातून. जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी कविमित्र सुभाष मुखोपाध्याय यांच्यासोबत बंद पडलेलं ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं. मासिकाला मजकूर हवा म्हणून स्वतः लिहू लागले. त्यातूनच प्रोफेसर शंकू आला आणि १९६५ मध्ये फेलुदा. वाचलेलं पुढे द्यायचं म्हणून त्यांनी लेखणी धरली. बालसाहित्यात ही प्रेरणा सर्वांत प्रामाणिक असते, कारण तिच्यात स्वतःचं नाव व्हावं ही घाई नसते.

साने गुरुजींची वाट थोडी वेगळी. त्यांचं वाचन आईच्या तोंडून सुरू झालं. आईने सांगितलेल्या गोष्टी, म्हटलेल्या ओव्या, दाखवलेलं वागणं, हीच त्यांची पहिली पुस्तकं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ काढत. विचार करा, रोज रात्री बसून वसतिगृहातल्या मुलांसाठी एक माणूस अंक लिहितो आहे. छापखाना नाही, मानधन नाही. वाचक मात्र सकाळी समोर हजर. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यामागे या हस्तलिखित वर्षांची तालीम आहे. आपण कुणासाठी लिहितो आहोत त्यांचे चेहरे त्यांना माहीत होते.

आपल्या काळात माधुरी पुरंदरे यांनी हाच धागा पुढे नेला. ‘वाचू आनंदे’च्या चार भागांत त्यांनी मराठीतलं उत्तम लेखन वेचून मुलांसमोर ठेवलं, सोबत चित्रकलेची ओळखही दिली. एका जाणत्या वाचकाने आपलं कपाट मुलांसाठी उघडून द्यावं तसं ते काम आहे. आणि त्यांची स्वतःची पुस्तकं पाहा. यशच्या गोष्टींत भांडणं, हट्ट, शेजार, आजारपण अशा रोजच्या गोष्टी आहेत. राक्षस नाही, खजिना नाही, तरी मुलं ती पुन्हा पुन्हा मागतात. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, तो २०१४ मध्ये त्यांना मिळाला. त्याच यादीत पुढे ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ आलं, सलीम मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ आलं. गावाकडचं बालपण आणि रान आता मराठी बालसाहित्याच्या मध्यभागी येत आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे.

लहानपणी भरपूर वाचलेला माणूस मुलांसाठी लिहायला बसतो तेव्हा तो बरोबर काय आणतो? पहिलं म्हणजे कंटाळ्याची अचूक आठवण. कुठल्या पानावर आपण पुस्तक मिटलं होतं हे त्याला माहीत असतं. दुसरं, मुलाच्या बुद्धीबद्दल आदर. लहानपणी आपल्याला बोबडं बोलून सांगितलेलं आवडलं नव्हतं, हे तो विसरत नाही. तिसरं, वाक्याचा कान. मुलांच्या गोष्टीतलं वाक्य मोठ्याने वाचून पाहावं लागतं. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्यही तोडावं लागतं. विंदा करंदीकरांच्या बालकविता मुलांच्या तोंडी सहज बसतात त्या या कानामुळे. चौथं, भीतीची किंमत. मुलांना घाबरायला आवडतं, पण त्यांना घाबरलेलं सोडून द्यायचं नसतं. आणि पाचवं, बोध शेवटी न चिकटवण्याचा संयम. गोष्ट नीट झाली असेल तर मुलाने आपला बोध आपण काढलेला असतो. तो छापून दिला की मुलाचा अपमान होतो.

ज्याने लहानपणी आसुसून वाचलेलं नाही, तो मोठेपणी मुलांसाठी लिहायला बसला की बहुधा उपदेश करतो. हे मी दोष म्हणून सांगत नाही. वाचणारं मूल आतून कसं दिसतं हे त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्या तरुण शिक्षकांना माझं सांगणं असतं : आधी एक वर्ष मुलांची पुस्तकं वाचा, मुलांना वाचून दाखवा, त्यांचे चेहरे बघा, आणि मग कागद घ्या.

आता भाषेबद्दल. उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये ‘धग’ कादंबरीत वऱ्हाडी बोली अशा ताकदीने आणली की त्यानंतर मोठ्यांच्या मराठी साहित्यात या बोलीला जागा मागावी लागली नाही. विठ्ठल वाघांच्या कवितेने तिला गावोगावच्या मंचावर नेलं. मुलांच्या पुस्तकांत मात्र ती अजून दारातच उभी आहे. घरात ‘काय करून रायला बे?’ म्हणणारं पोट्टं पुस्तकात स्वतःसारखं बोलणारं कुणी शोधतं आणि त्याला कुणी सापडत नाही. मग त्याला वाटतं, माझं बोलणं पुस्तकात बसण्याजोगं नाही. या पुस्तकात निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं आहे, कारण ते पुण्या-कोल्हापूरच्या मुलालाही आपलं वाटायला हवं. पण माणसं बोलतात ती इथल्यासारखी बोलतात. आजी ‘लेकरा’ म्हणते, आबाजी ‘बाप्पा’ म्हणतात, पोरं एकमेकांना ‘अबे’ म्हणतात. वावराला वावर, धुऱ्याला धुरा आणि बंडीला बंडीच म्हटलं आहे. मागे शब्दार्थांची यादी दिलेली नाही. आम्ही लहानपणी ‘पडवी’ आणि ‘होडी’ कुणी न सांगता समजून घेतलं, तसं कोकणातली मुलं ‘धुरा’ समजून घेतील. मुलांवर तेवढा विश्वास टाकायला हवा.

गोष्टींतली जागाही इथलीच आहे. लेणी आहेत, घाट आहे, जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग आहे, उर्दू शाळेतला मित्र आहे, कारण पातूरमध्ये तो शेजारीच राहतो. यातली माणसं मात्र कल्पनेतली आहेत. प्रत्येक गोष्ट छापण्याआधी मुलांना वाचून दाखवली. जिथे त्यांची चुळबूळ सुरू झाली तिथला मजकूर काढून टाकला. जिथे ‘मंग काय झालं?’ असा प्रश्न आला तिथे हात लावला नाही. या पुस्तकाचे खरे संपादक ती मुलंच आहेत.

आता ज्यासाठी मुख्यतः ही प्रस्तावना लिहिली ते बोलतो. वर ज्यांची नावं घेतली त्या प्रत्येकाच्या बालपणी कुणीतरी पुस्तक किंवा गोष्ट हाताशी ठेवली होती. ते नसतं तर पुढचं काही झालं नसतं. आज पातूरच्या आसपासच्या खेड्यात, आलेगावकडे, घाटाकडच्या वस्त्यांत एखादं मूल आहे, जे वीस-पंचवीस वर्षांनी मुलांसाठी लिहू शकेल. ते लिहील की नाही हे आत्ता, या वर्षी, त्याला काय वाचायला मिळतं यावर ठरणार आहे.

साधनं अगदीच नाहीत असं नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, मान्यताप्राप्त वाचनालयांना शासनाचं अनुदान मिळतं. शाळांना पुस्तकं येतात. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठीतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. ज्या मोबाइलला आपण नावं ठेवतो त्याच मोबाइलवर हा खजिना उघडतो. अडचण बहुतेक वेळा पुस्तकाच्या आणि मुलाच्या मध्ये असलेल्या कुलपाची असते. पुस्तकं हरवतील, फाटतील, हिशेब द्यावा लागेल, या धास्तीने कपाटं बंद राहतात. मी इतकंच म्हणेन की फाटलेलं पुस्तक हा वाचनाचा पुरावा आहे. वर्षअखेरीस कोऱ्या राहिलेल्या पुस्तकांची चौकशी व्हायला हवी, फाटलेल्यांची नको.

आपल्याच विभागात शेजारच्या जिल्ह्यात याचं उत्तर एका माणसाने दाखवून दिलं. बुलढाण्याच्या भारत विद्यालयाचे ग्रंथपाल नरेंद्र लांजेवार यांनी शाळेच्या ग्रंथालयातून मुलांच्या वाचनाची चळवळ उभी केली. मुलांना वाचतं केलं, लिहितं केलं, स्वतःही लिहिलं. २०२२ मध्ये ते गेले. एक ग्रंथपाल मनावर घेईल तर काय होऊ शकतं हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

म्हणून विनंती करतो. शिक्षकांनो, दिवसातली दहा मिनिटं काढून वर्गात एक गोष्ट मोठ्याने वाचा. त्यावर प्रश्न विचारू नका, निबंध लिहायला लावू नका. आई-बाबांनो, तुम्हाला वाचता येत नसेल तर लेकराला सांगा, मला वाचून दाखव. तुमच्यासाठी वाचणारं मूल जितकं जीव लावून वाचतं तितकं परीक्षेसाठी कधीच वाचत नाही. आजी-आजोबांनो, तुमच्या गोष्टी सांगा, तुमच्या बोलीत सांगा. ग्रंथपालांनो, मुलांची पुस्तकं त्यांचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा. आणि एखादं मूल वहीच्या मागच्या पानांवर गोष्ट लिहिताना दिसलं तर शुद्धलेखन तपासू नका, पुढे काय झालं ते विचारा.

हे पुस्तक कपाटात ठेवण्यासाठी केलेलं नाही. ते मुलांच्या हातात जाऊ द्या, मळू द्या, एकाकडून दुसऱ्याकडे फिरू द्या. आणि ते वाचून पातूरच्या, बाळापूरच्या, मूर्तिजापूरच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला वाटलं की आमच्या गावची गोष्ट यात नाही, ती मीच लिहितो, तर तिने, त्याने जरूर लिहावी. वाचलेल्या गोष्टींचं देणं दुसऱ्या कोणत्या मार्गाने फिटत नाही.